पालम, जिल्हा परभणी

आमच्या घरात, आमच्या गल्लीत आणि आमच्या मागच्या सगळ्या पिढ्यांत मिळून पहिला बी.ए. मी. हे मी संधी मिळेल तिथं सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. पण त्या पदवीचं सबंध नाव घेऊन मला रोज हाक मारणारा माणूस स्वतः मॅट्रिक होता.

पालमच्या पोस्टात मी कारकून म्हणून हजर झालो त्या सकाळी तारेच्या टेबलामागून खणखणीत आवाज आला, "या, बॅचलर ऑफ आर्ट्स!"

मला वाटलं, टिंगल चाललीय. आमच्यासारख्यानं नोकरीला लागताना टिंगलीची तयारी ठेवूनच घर सोडलेलं असतं. मी म्हणालो, "मास्तर, नुसतं बीए म्हणलं तरी चालंल."

"काहून? पुढची अक्षरं उंदरानं खाल्ली का काय?"

नंतर कळलं, ही टिंगल नव्हती. नाव तोडायचं नाही हा त्या माणसाचा धर्मच होता. गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. पांढरी विजार, खिशाला दोन पेनं, आणि तार घेऊन घेऊन डावीकडं कललेली मान. एस.टी. हा शब्द त्यांच्या तोंडातून कधी निघाला नाही. "राज्य परिवहन महामंडळाची गंगाखेडची गाडी गेली का हो?" असं ते विचारायचे, आणि त्यांचं विचारून होईस्तोवर गाडी खरंच गेलेली असायची. खिडकीशी कुणी पाकिटावर 'मु. पो.' असं लिहून आणलं, की मास्तर आपलं पेन काढून त्यातल्या मोकळ्या जागेत 'क्काम' आणि 'स्ट' कोंबून बसवायचे. पिनकोडवर त्यांचा भारी राग. "आकड्याला कोण ओळखतंय? गावाला नाव हाय ना?"

गंमत म्हणजे शब्द तोडण्यात त्यांच्याइतका पटाईत माणूस मी पाहिला नाही. तारेत शब्द मोजले जातात. एखादी म्हातारी यायची, जावयाला काय काय कळवायचं ते पाऊण घटका सांगायची, आणि मास्तर त्याचे सहा शब्द करून तिला वाचून दाखवायचे. म्हातारी म्हणायची, "आगं बया, सगळंच आलं की ह्यात!" पण ही कात्री फक्त मजकुराला. नावाला आणि पत्त्याला त्यांनी कधी लावली नाही. जिल्हा लिहिला नसेल तर तार घ्यायचे नाहीत. माणूस कितीही घाईत असो.

आमचे बाबा दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. सबंध गावानं त्यांना जन्मभर 'लिंब्या' म्हटलं. पाटलाच्या आठ वर्षांच्या पोरानंही. एकदा ते काही कामानं पोस्टात आले आणि सवयीनं पायरीच्या खालीच उभे राहिले. आतून मास्तरांनी हाक दिली, "या, लिंबाजीराव, आत या."

बाबांनी मागं वळून पाहिलं. कोण लिंबाजीराव आलेत ते बघायला.

"मागं कोण न्हाई. तुमालाच म्हणायलोय."

घरी गेल्यावर बाबा आईला दुसरं काहीच बोलले नाहीत. "पोस्टात आज माझं सगळं नाव घेतलं," एवढंच म्हणाले आणि भाकरी खायला बसले.

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला कुणाचं नाव द्यायचं यावरून आमच्या मराठवाड्यात घरं जळाली, माणसं गेली, पोरांची वर्षं तुरुंगात गेली. मोर्चे निघायचे, थांबायचे, पुन्हा निघायचे. सरकारी कागदावर विद्यापीठाचं नाव जुनंच होतं, पण आमची माणसं पत्र टाकताना पाकिटावर नवं नाव लिहायची. असं एक पाकीट माझ्या हातात आलं तेव्हा मला नोकरीला लागून पुरतं वर्षही झालं नव्हतं. मी ते उलटंपालटं करत बसलो. पुढं पाठवलं तर कुणीतरी म्हणणार, ह्यानं मुद्दाम केलं, हा त्यांच्यातलाच. 'या नावाची संस्था नाही' असा शेरा मारून परत केलं, तर रात्री घरी कोणत्या तोंडानं जेवायचं?

मास्तर उठून आले. पाकीट बघितलं. "लिहिणाऱ्याला कुठं पोचवायचंय ते तुला कळलं का?"

"कळलं."

"मग? नाव तेच, ज्यावर टपाल पोचतंय." असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला शिक्का घेतला आणि तिकिटावर असा मारला की टेबलावरची शाईची दौत उडाली. "कुणी विचारलं तर सांग, तारमास्तरनं मारला."

ते स्वतः पालमच्या शेतकरी घरातले. त्यांचं आडनाव मला ठाऊक होतं, माझं त्यांना. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

पुढं तारेचं यंत्र बंद झालं. तार फोनवरून घ्यायची पद्धत आली. टेबलावरचं ते कट्ट-कडकट्ट थांबलं आणि मास्तरांचा दिवस सुनासुना झाला. जुन्या सामानाचा लिलाव निघाला तेव्हा तार पाठवायची पितळी चावी घ्यायला एकच माणूस उभा होता. मास्तरांनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी नेली. दोन महिन्यांनी म्हणाले, "बॅचलर ऑफ आर्ट्स, मी परीक्षेला बसायलोय."

ती हौशी बिनतारीची परीक्षा होती. सरकार परवाना देतं, प्रत्येकाला अक्षरं-आकड्यांचं स्वतःचं एक चिन्ह देतं. मग तुम्ही आपलं यंत्र लावायचं आणि आकाशात जो भेटेल त्याच्याशी बोलायचं. व्यापार करायचा नाही, राजकारण बोलायचं नाही. तुझं मला इतकं ऐकू येतंय, माझं नाव हे, माझं गाव हे, आमच्याकडं हवा अशी. झालं. मग दोघांनी एकमेकांना कार्ड पाठवायचं, की होय, आपलं बोलणं झालं. ह्या कार्डाला मास्तर 'पोच' म्हणायचे.

हैदराबादला पोराठोरांच्या रांगेत बसून त्यांनी परीक्षा दिली. तारेची लिपी ऐकून लिहायची होती. परीक्षकाला म्हणाले, "साहेब, जरा जोरात वाजवा. इतक्या सावकाश मला ऐकूच येत न्हाई."

मी विचारलं, "मास्तर, ह्या वयात हे कशाला?"

"तीस वर्षं मी दारात दिसलो की बाया रडायलाच लागायच्या. तार म्हणजे कुणीतरी गेलं. आता मला कुणाशी तरी काही कारण नसताना बोलायचंय. बरं हाय का, एवढंच."

हे खरं होतं. पण एवढंच कारण नव्हतं. ते मला फार उशिरा कळलं.

यंत्र त्यांनी स्वतः जोडलं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. ताकद म्हणाल तर सायकलच्या दिव्याएवढी. पहिल्यांदा घराच्या गच्चीवर तार ताणली, पण शेजारी पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की कानात नुसता खरखराट. "खाली नुसतं गाव ऐकू येतंय," मास्तर म्हणाले. "जग ऐकायचं तर वर गेलं पायजे."

वर म्हणजे बोडखा. गावापासून दोन कोसांवरचा डोंगर. सह्याद्रीतला माणूस त्याला डोंगर म्हणणार नाही, हसेल. पण आमच्या सपाटीत तो एकटा उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरून चारी दिशांना काहीही आडवं येत नाही. माथ्यावर दोन हिवराची झाडं. त्या दोघांत तांब्याची तार बांधायची, खाली दगडावर डबा ठेवायचा, शेजारी बॅटरी. बॅटरी आमच्या नानाच्या ट्रॅक्टरची. नाना म्हणजे गावातला मोठा बागायतदार. तोंड फाटकं, मन मोकळं. दर रविवारी तो बॅटरी काढून द्यायचा आणि दर रविवारी म्हणायचा, "मास्तर, जपानशी बोला का रशियाशी बोला, पण दिवस मावळायच्या आत माझी बॅटरी द्या. न्हाईतर नांगरट जपान्याला करायला सांगतो."

बॅटरी खांद्यावर घेऊन मी पुढं आणि डबा छातीशी धरून मास्तर मागं. परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत. डोंगरावरून यंत्र चालवायची परवानगी त्यांनी वेगळा अर्ज करून मागून घेतली होती. एकदा हवालदार वर आला, तेव्हा ती परवानगी त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उभ्यानं ऐकावी लागली. पुन्हा तो आला नाही.

लिपी मला त्यांनीच शिकवली, पोस्टातल्या दुपारच्या फुरसतीत. प्रत्येक अक्षराला एक गाव. 'जी' म्हणजे गंगाखेड, 'जे' म्हणजे जिंतूर. 'पी'वरून मात्र मास्तरांचं आणि माझं भांडण. मी म्हणायचो पेडगाव, ते म्हणायचे पालम. "पालम असताना पेडगाव कशाला?" चावी त्यांची, परवाना त्यांचा. मी कानाला दुसरा हेडफोन लावून ऐकलेलं वहीत उतरवायचो. बी.ए.ला मला मराठीत चांगले गुण होते. डोंगरावर माझं अक्षर कामाला आलं.

आता हौशी बिनतारीवाल्यांची सगळी भाषा आखूड असते. गाव विचारायचं तर तीन अक्षरं, निरोप घ्यायचा तर दोन आकडे. मास्तर ते ऐकून घ्यायचे पण स्वतः कधी वापरायचे नाहीत. प्रत्येकाला सबंध इंग्रजी वाक्य. आणि गाव सांगताना 'पालम, डिस्ट्रिक्ट परभणी, मराठवाडा' एवढी लांबण. समोरचा रशियात नाहीतर इटलीत बसून कंटाळायचा. कधी मधेच दुसऱ्याकडं निघून जायचा.

कार्डं यायला लागली. त्यांच्या चिन्हावरून ती हौशी मंडळींच्या संघटनेकडं यायची आणि तिथून गठ्ठ्यानं पालमला. पहिला गठ्ठा मी स्वतः त्यांच्या हातात दिला. घराचा फोटो असलेलं, बर्फाचा डोंगर असलेलं, हरणाचं चित्र असलेलं. मी खूश. मास्तरांनी एकेक कार्ड उलटं केलं आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

शेऱ्याच्या जागी प्रत्येकानं लिहिलं होतं: पालम, नवी दिल्ली. एकानं तर लिहिलं होतं, तुमच्या विमानतळावर मी एकदा उतरलो होतो.

दिल्लीत पालम नावाचं विमानतळ आहे, ते जगाला ठाऊक. आमचा आवाज सायकलच्या दिव्याएवढा. समोरच्याला 'पालम' एवढं ऐकू यायचं, पुढचं विरून जायचं, आणि तो आपल्या मनानं दिल्ली लावून टाकायचा.

मास्तरांनी काय करावं? सगळी कार्डं परत पाठवली. प्रत्येकावर तांबड्या शाईनं, सुबक अक्षरात: पत्ता चुकीचा, दिल्लीत राहत नाही. दुसरा गठ्ठा आला. दिल्ली. तोही परत. गावात चहाच्या टपरीवर विषय झाला. "मास्तर, काय म्हणतीया तुमची दिल्ली?" नाना विचारायचा. "पंतप्रधान भेटला तर आमच्या रस्त्याचं बगा."

मास्तर हसायचे नाहीत. एरवी मी त्यांना टिंगलीवर रागावलेलं पाहिलं नव्हतं. दिल्ली म्हटलं की उठून जायचे.

मास्तर निवृत्त होऊन तीनेक वर्षं झाली होती. बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याला. त्या वर्षी मुलानं हट्टच धरला, संक्रांत झाली की मी तुम्हाला न्यायला येतो, इथं एकटं राहायचं नाही. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तार बांधायला ना झाड ना गच्ची. मास्तर 'हो' म्हणाले. पण मला म्हणाले, "जायच्या आधी एक पोच पायजे. एकच. पालमची. दिल्लीची न्हाई."

दिवाळीनंतरचा एक रविवार होता. सकाळपासून आम्ही बोडख्यावर. दुपारी दोघं हिवराखाली भाकरी खात बसलो होतो, आणि मी सहज म्हणालो, "मास्तर, जाऊ द्या ना. दिल्ली तर दिल्ली. त्यांना काय फरक पडतोय?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"मी तरणा असताना परराज्यात तारेवर होतो. इकडं आई आजारी पडली. भावाची तार आली. मी तवाच उलटी तार केली, माझ्या हातानं. 'आज निघतोय, थांब.' एवढंच. आणि पत्ता घातला, आईचं नाव, पालम. जिल्हा घातला न्हाई. तारेवाल्याची खोड. एक शब्द वाचवला."

मीही भाकरी बाजूला ठेवली.

"तार दिल्लीला गेली. तिथं आईच्या नावाचं कोण असणार? फिरून आली चौथ्या दिवशी. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आदल्या सांजंला ती गेली होती. जाईस्तोवर दारात बसलेल्याला विचारायची म्हणं, 'तार आली का रं? माझं पोरगं निघालंय का?' कुणालाच ठाऊक न्हाई." मास्तरांनी हात झटकले. "कुणाचा दोष न्हाई त्यात. वाटंतला प्रत्येक माणूस बरोबर वागला. मीच तोडला पत्ता."

इतक्या वर्षांत मला न उलगडलेलं सगळं त्या एका क्षणात उलगडलं. बॅचलर ऑफ आर्ट्स, राज्य परिवहन महामंडळ, मुक्काम, पोस्ट. लिंबाजीराव.

मग मी जे डोक्यात आलं ते बोललो. आम्हा लोकांना मनातलं मनातच ठेवायची सवय असते. पण कॉलेजात शिकून मी ती मोडली होती.

"मास्तर, पत्ता उलटा सांगा. परभणी आधी, पालम मागून."

"उलटा? मुक्काम आधी, जिल्हा मागून, ही रीत हाय. चाळीस वर्षं—"

"ऐका तर. मला कुणी नवा माणूस भेटला की नाव विचारतो. मी नाव सांगतो, बापाचं सांगतो, आडनावाची दोन अक्षरं तोंडातून निघतात, तितक्यात त्याचं ऐकणं बंद होतं. त्याला जे ठाऊक असतंय ते तो लावून मोकळा. पुढचा माणूस त्याला दिसतच न्हाई. तुमच्या पालमचं तसंच व्हायलंय. पालम म्हणलं की त्यांना वाटतंय, हे आपल्याला ठाऊक हाय. परभणी त्यांच्या बापालाबी ठाऊक न्हाई. ठाऊक नसलेलं नाव आलं, तर माणसाला ते नीट ऐकावंच लागतंय."

मास्तर माझ्याकडं बघतच राहिले.

"हे तुला कॉलेजात शिकवलं का?"

"न्हाई. हे मी घरून घेऊन गेलो होतो."

ते उठले, हात धुतले, आणि चावीपुढं बसले.

साडेपाचच्या सुमारास एक आवाज लागला. स्वच्छ, सावकाश, एकसारखा. मास्तरांची मान डावीकडं कलली. "हा आपल्यातला हाय," ते पुटपुटले. "पोटासाठी वाजवलेला हात हाय हा." खरंच होता. जपानच्या उत्तरेकडचा, आगबोटीवर बिनतारी चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यानं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मास्तरांचं नाव उतरवून घेतलं. मग विचारलं, तुमचं गाव?

मास्तरांनी श्वास घेतला आणि पाठवलं: परभणी.

हेडफोनमध्ये खरखर. मग त्याचा प्रश्न आला. मी तो वहीत उतरवला: कृपया गाव पुन्हा सांगा.

"विचारायलाय!" मी ओरडलो. "मास्तर, तो विचारायलाय!"

आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

मास्तरांनी पुन्हा पाठवलं. प्रत्येक अक्षर सुटं, खडीसाखरेच्या खड्यासारखं. तो म्हणाला, पहिली चार अक्षरं मिळाली, पुढं? इतक्यात खालून नानाचा आवाज. तो डोंगर चढून येत होता, धापा टाकत.

"मास्तर! दिवस मावळायला लागला! बॅटरी!"

"नाना, दोन मिनिटं," मी म्हणालो.

"दोन मिनिटं दोन मिनिटं करत बॅटरी पार उतरवाल लेको! उद्या ट्रॅक्टर तुमी दोघं ढकलणार का?"

बॅटरी खरंच उतरत होती. डब्यावरचा बारीक दिवा तांबडा पडला होता. मी म्हणालो, "मास्तर, आखूड करा. डिस्ट्रिक्ट नका पाठवू सबंध. नुसतं परभणी, पालम. चिन्ह सांगा आणि थांबा."

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. परभणी. मग 'डिस्ट्रिक्ट', एकही अक्षर न गाळता. मग पालम. मग पुन्हा सगळं सुलटं. पालम, डिस्ट्रिक्ट परभणी, महाराष्ट्र, भारत. दिवा विझायच्या बेताला आला. नाना माझ्या मागं येऊन उभा राहिला होता आणि काय चाललंय ते न कळूनही गप्प झाला होता. एवढा गप्प नाना मी तेव्हाच पाहिला.

मास्तरांनी चावीवरचा हात उचलला.

खरखर. खरखर. मग तो सावकाश, एकसारखा हात. मी एकेक अक्षर लिहीत गेलो, आणि शेवटचं लिहून झाल्यावर वही मास्तरांपुढं धरली. धरायची गरज नव्हती, त्यांनी माझ्या आधी ऐकलं होतं. पी ए एल ए एम. मग डिस्ट्रिक्ट, तेही सबंध. मग परभणी, आठच्या आठ अक्षरं. आणि शेवटी: बरोबर आहे का? मी तुम्हाला टपालानं पत्र पाठवतो.

मास्तरांनी एकच शब्द पाठवला, बरोबर. तेवढ्यात दिवा विझला.

नानानं विचारलं, "काय म्हणला जपान?"

माझ्या वहीत मधे एक ओळ होती ती मी वाचली. "बर्फ पडायलाय म्हणतो."

"आरं बाबो. पिकाला बरं असतंय का ते?"

मास्तर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. त्या दिवशी बॅटरी नानानं स्वतः खांद्यावर घेतली, आणि खाली उतरेपर्यंत आम्हाला जपानच्या पिकांबद्दल विचारत राहिला.

मग वाट पाहणं. मास्तर रोज टपालाची थैली यायच्या वेळेला पोस्टात येऊन बाकावर बसायचे. मी थैली रिकामी करायचो, मान हलवायचो, ते उठून जायचे. डिसेंबर गेला. संक्रांत आली. आणि त्याच संक्रांतीला नामांतराची बातमी रेडिओवर आली. चौकात पोलिसांची गाडी उभी होती, काही घरांची दारं बंद होती. पण आमच्या वस्तीत बायका रडत होत्या आणि हसत होत्या. बाबा अंगणात बसून नवं नाव पुन्हा पुन्हा उच्चारत होते. लांब नाव. मधे दम घेऊन ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात थैली उघडली. मास्तर बाकावर नव्हते. त्यांचा मुलगा आला होता, घरासमोर जीप उभी होती, सामान भरणं चाललं होतं. थैलीत एक जाड पाकीट निघालं. जपानी तिकिटं. रजिस्टर, आणि सोबत गुलाबी पोचपावती जोडलेली. वर अक्षर कोरल्यासारखं: पालम, डिस्ट्रिक्ट परभणी.

रजिस्टर पत्र पोस्टमननं न्यायचं असतं. मी त्याला म्हणालो, "आजच्या दिवस मला जाऊ दे." आणि गावातून पळत गेलो. बी.ए. झालेला, दोन पोरांचा बाप असलेला सरकारी नोकर, भर बाजारातून पळत.

मास्तर जीपशेजारी उभे होते. मी पाकीट दिलं. त्यांनी आधी वरचं नाव पाहिलं नाही. पाकीट उलटं केलं. रजिस्टर पत्राच्या पाठीवर वाटेतल्या ठिकाणांचे शिक्के असतात, ते ते वाचू लागले. मुंबई. परभणी. पालम.

"दिल्ली न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई."

"कुठंच न्हाई?"

"मी दोनदा बघितलं, मास्तर."

त्यांनी पाकीट फोडलं नाही. माझ्याकडून पेन मागितलं, जीपच्या बॉनेटवर पोचपावती ठेवली, आणि सही केली. सबंध नाव, वडिलांचं नाव, आडनाव. खाली गाव, जिल्हा. मग दाराकडं वळले. ज्या उंबऱ्याच्या आत त्यांची आई पडून होती, त्या दाराकडं. एखाद्याला आत हाक मारून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पोचली गं."

मुलगा गोंधळून बघत होता. मी पोचपावती खिशात घातली. ती जपानला परत जायची होती, आणि तिच्यावर शिक्का मीच मारणार होतो.

"काल तुमचं झालं म्हणं," मास्तर म्हणाले. "विद्यापीठाचं."

"झालं."

"लय लांब नाव हाय. एक शब्दबी गाळू देऊ नको कुणाला."

"न्हाई देणार."

ते जीपमध्ये बसले. पितळी चावी मांडीवर, पाकीट छातीशी. गाडी सुरू झाली. मग त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा खांदा दाबला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले,

"येतो, बीए."